लहान शेतीसाठी छोटा ट्रॅक्टर : खरेदीपूर्वी काय मोजावे

छोटा ट्रॅक्टर कोणता घ्यावा, असा प्रश्न शिरोळ तालुक्यातील बागायतदार बंधूंकडून आम्हांस वारंवार विचारण्यात येतो. विचारणारा बहुधा दोन ते पाच एकरांचा धनी असतो. त्याच्या गोठ्यात बैल राहिलेले नसतात, भाड्याचा ट्रॅक्टर ऐन घातीला मिळत नाही, आणि सांगली-कोल्हापूर रस्त्याने जयसिंगपुरास येता-जाता दुकानांपुढे रांगेने उभी असलेली रंगीत यंत्रे त्याच्या दृष्टीस पडत असतात. दुकानात पाऊल टाकल्यावर त्यास दोनच आकडे ऐकावयास मिळतात : अश्वशक्ती किती आणि हप्ता किती. ह्या दोन आकड्यांवर जो व्यवहार उरकतो त्याचा भार पुढे पाच-सात वर्षे त्या कुटुंबास वाहावा लागतो, आणि कित्येकदा तो सातबाऱ्यावरही चढतो. यास्तव आमचे सांगणे असे की, ट्रॅक्टरांची तुलना दुकानात करण्यापूर्वी आपल्या रानात करावी, आणि तिचा आरंभ अश्वशक्तीपासून न करता सरीच्या रुंदीपासून करावा.

यंत्र घ्यावयास कचरणारा शेतकरी ह्याच मुलखाने पूर्वी पाहिला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर विकावयास काढला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते ह्या समजुतीने लोक त्यास हात लावीनात. पहिले चाळीस नांगर खपण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर त्यांचा कारखाना उभा राहिला आणि तो नांगर घरोघर पोचला. त्या वेळच्या शेतकऱ्याने फार वेळ घेतला हे खरे. परंतु त्याने नांगर शेजाऱ्याच्या रानात चालताना पाहिला, मागची माती हातात घेऊन पाहिली आणि मगच पैसे मोजले. आज ह्याच्या उलट स्थिती झाली आहे. यंत्र प्रथम दारात येते, आणि ते आपल्या सरीत शिरत नाही हे मागाहून कळते.

हे आम्ही इतरांस शिकविण्यासाठी लिहीत आहोत, तथापि ही चूक आमच्याच हातून घडलेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एक छोटा ट्रॅक्टर घेतला. माहितीपत्रकात मागील चाकांचे अंतर ३६ इंच छापलेले होते आणि आमची उसाची सरी चार फुटी, म्हणजे ४८ इंचांची होती. एक फूट मोकळा राहतो असा हिशेब करून आम्ही निश्चिंत झालो. बाळबांधणीस यंत्र रानात उतरविले तेव्हा ध्यानात आले की, ते ३६ इंच म्हणजे एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्या टायरच्या मध्यापर्यंतचे अंतर होते. टायर नऊ इंच रुंद. म्हणजे बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत यंत्र ४५ इंच भरले. दोन्ही बाजूंस दीड-दीड इंच जागा उरली, आणि उसाच्या फुटव्यांनी तर त्याहून अधिक जागा आधीच घेतली होती. चार सऱ्यांतील फुटवे चिरडल्यावर आम्ही यंत्र बाहेर काढले. विक्रेत्याने आकडा खोटा सांगितला नव्हता. आम्ही तो वाचावयास शिकलो नव्हतो. तिसऱ्या हंगामात ते यंत्र तोटा सोसून विकावे लागले.

सबब पहिले मोजमाप टेपने करावयाचे आहे. ऊस दोन महिन्यांचा झाल्यावर, म्हणजे बाळबांधणीच्या वेळी, बेट दोन्ही बाजूंस सहा ते आठ इंच पसरलेले असते. चार फुटी सरीत ४८ इंचांतून दोन्हीकडचे मिळून १२ ते १६ इंच वजा केले तर ३२ ते ३६ इंचांची वाट उरते. साडेचार फुटीत ती ३८ ते ४२ आणि पाच फुटीत ४४ ते ४८ इंच होते. आता दुकानात जाऊन, मागील चाके सर्वांत आत घेतलेल्या स्थितीत, टायरच्या बाहेरील कडांमधील अंतर स्वतः मोजावे. पुष्कळ यंत्रांत चाकाची तबकडी उलटी बसवून हे अंतर कमी-जास्त करता येते. ते करून दाखविण्यास सांगावे. ज्यांची सरी साडेतीन फुटी आहे त्यांनी ह्या लेखाचा उरलेला भाग वाचण्यापूर्वी सरी बदलावयाची की यंत्राचा विचार सोडावयाचा, ह्याचा निर्णय करावा. खोडवा ठेवलेला असेल तर सरी तत्काळ बदलता येत नाही. नव्या लागणीपर्यंत थांबावे लागते. साडेचार ते पाच फुटी सरी, किंवा जोडओळ पट्टा पद्धत, ही छोट्या ट्रॅक्टरची खरी वाट होय. साडेचार महिन्यांच्या सुमारास मोठ्या बांधणीस ऊस कमरेच्या वर गेलेला असतो, तेव्हाही ह्या रुंदीत अरुंद यंत्र वरंबा फोडीत जाऊ शकते. त्यापेक्षा अरुंद सरीत त्यास मोठ्या बांधणीपुरते तरी निरुपयोगीच समजावे.

आता ओढीचा विचार करू. अश्वशक्तीविषयी आमच्या बंधूंचा जो सर्वांत मोठा गैरसमज आहे तो येथे आहे. नदीकाठच्या काळ्या, चिकण रानात वाफशावर नांगर चालविला तर कापल्या जाणाऱ्या मातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरामागे स्थूलमानाने पाऊण ते एक किलोची ओढ लागते. आपण ०.८ धरू. एकाच फाळाचा नांगर ३० सेंटिमीटर रुंद व २० सेंटिमीटर खोल तास काढीत असेल तर ६०० चौरस सेंटिमीटर माती कापली जाते, आणि ओढ ४८० किलोची होते. ताशी तीन किलोमीटर वेगाने हे काम करावयास सुमारे सव्वापाच अश्वशक्ती पुरते. म्हणजे १५ अश्वशक्तीच्या यंत्राने हा नांगर हसत ओढावयास पाहिजे. प्रत्यक्षात ते जागच्या जागी चाके फिरवीत उभे राहते, आणि मालक इंजिनास दोष देतो.

दोष इंजिनाचा नसून वजनाचा आहे. चाक जमिनीस धरून ओढते ते त्यावर पडणाऱ्या भाराच्या जोरावर. आठशे किलोचा, मागील दोनच चाकांनी ओढणारा ट्रॅक्टर घेतला तर मागील चाकांवर फार तर सव्वापाचशे किलो भार पडतो, आणि भुसभुशीत मातीत त्याच्या निम्मी, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे किलोची ओढ मिळते. चारही चाकांनी ओढणाऱ्या तेवढ्याच वजनाच्या यंत्रास साडेतीनशेच्या आसपास मिळेल. ४८० ला दोन्ही उणेच पडतात. बैलांच्या काळात हीच गोष्ट सर्वांस ठाऊक होती. बैल आपल्या वजनाच्या दशांशाइतकी ओढ दिवसभर देतो. म्हणून काळ्या रानातील खोल नांगरटीस आठ-आठ बैल जुंपीत असत, आणि जड बैलास अधिक मोल येई. यंत्राचे वजन मात्र कोणी विचारीत नाही!

ह्यावरून निघणारा निष्कर्ष कित्येकांस कडू वाटेल. छोटा ट्रॅक्टर हा आमच्या काळ्या रानातील खोल नांगरटीचे यंत्र नव्हे. पलटी नांगराचे काम ४५-५० अश्वशक्तीच्या, दोन टनांच्या आसपास वजनाच्या यंत्राचे आहे, आणि ते वर्षातून एकदा भाड्याने करून घेणेच लहान खातेदारास परवडते. छोट्या ट्रॅक्टरकडून रोटाव्हेटर, सरी सोडणे, कुळवणी, बाळबांधणी, मोठी बांधणी, फवारणी व हलकी वाहतूक एवढीच कामे घ्यावीत. ह्या कामांत त्याचे हलकेपण हाच त्याचा गुण ठरतो. काळी माती ओली असताना जड चाक फिरले की खाली कठीण तळी बसते. पाणी मुरत नाही, मुळे आडवी पसरतात. शिरोळ तालुक्यात क्षारपड जमिनीचा प्रश्न केवढा आहे हे येथील वाचकांस सांगावयास नको. श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने ज्या रानांत भूमिगत निचऱ्याचे सच्छिद्र नळ घातले गेले, तेथे तर वरचे पाणी नळापर्यंत पोचले पाहिजे. मध्ये तळी बसली तर नळाचा खर्च वाया जातो. रोटाव्हेटर एकाच खोलीवर वर्षानुवर्षे फिरविल्यानेही अशीच तळी बसते, हे जाता जाता सांगून ठेवतो. दोन-तीन वर्षांनी एकदा भाड्याच्या मोठ्या यंत्राने ती फोडून घ्यावी.

इतके समजल्यावर मग यंत्रांकडे वळावे. हलक्या वर्गात महिंद्राचा युवराज २१५ व स्वराजचा ७१७ ही नावे परिचित आहेत. दोहोंना एकच सिलिंडर, शक्ती सुमारे १५ अश्व, आणि ओढ मागील दोन चाकांची. (स्वराज बनविणारी पंजाब ट्रॅक्टर्स कंपनी २००७ साली महिंद्रांकडे आली, तेव्हा ही दोन भावंडे एकाच घरची समजावीत.) त्याच्या वरच्या पायरीवर कुबोटाचा निओस्टार ए २११ एन हा २१ अश्वशक्तीचा व महिंद्राचा जिवो २४५ हा २४ अश्वशक्तीचा, आणि आणखी वर जॉन डिअरचा ३०२८ ईएन हा २८ अश्वशक्तीचा, हे तिन्ही चारही चाकांनी ओढतात. महिंद्रांनी २०२३ साली जपानी सहकाऱ्यांच्या साह्याने ओजा ही हलक्या यंत्रांची नवी मालिका काढली. अगदी खालच्या टोकास स्वराजने २०२१ साली आणलेले कोड हे ११ अश्वशक्तीचे पेट्रोलवर चालणारे अरुंद यंत्र आहे. कोणते उत्तम, असे आम्ही सांगणार नाही. कारण ते तुमच्या सरीवर, तुमच्या मातीवर आणि तुमच्या मिस्त्रीवर अवलंबून आहे.

मिस्त्रीचे नाव आम्ही विनोदाने घेतलेले नाही. एका सिलिंडरचे इंजिन थडथडते, हातापायांस मुंग्या आणते. पण त्यात भाग थोडे, आणि गावचा जाणता मिस्त्री ते झाडाखाली उघडून बसवितो. तीन सिलिंडरचे इंजिन मऊ चालते, बागेत व उसात दिवसभर बसणाऱ्याची पाठ वाचविते. परंतु त्याचे भाग महाग, आणि कंपनीच्या कारागिराची वाट पाहावी लागते. पुढील चाकांनाही ओढ असेल तर त्या आसातील सील चिखलात लवकर जातात, आणि पुढचे टायर झिजले की त्याच मापाचे घ्यावे लागतात; भलत्या मापाचे घातल्यास पुढील व मागील चाके एकमेकांशी भांडू लागतात आणि गिअर त्याचे प्रायश्चित्त भोगतात. ओल्या काळ्या रानात चार चाकांची ओढ निःसंशय उपयोगी आहे. हलक्या, माळाच्या रानात मात्र तिचे जादा पैसे वाचविता येतील. दुकानात गेल्यावर नव्या यंत्राच्या तेजाकडे पाहण्याऐवजी सुट्या भागांच्या खिडकीपाशी जाऊन क्लच प्लेट, डिझेल फिल्टर, हायड्रॉलिकचे सील आणि पुढील आसाचे सील आज हातात मिळतील काय, आणि कितीस, एवढेच विचारावे. त्या उत्तरावरून पुष्कळ कळते.

माहितीपत्रकातील आणखी दोन आकडे वाचावयास शिकले पाहिजेत. एक पीटीओचा. छापलेली अश्वशक्ती इंजिनाची असते. रोटाव्हेटर मात्र पीटीओवर चालतो, आणि तेथपर्यंत पोचताना शक्ती दहा ते वीस टक्क्यांनी घटते. २१ ची १७-१८ झाली तर नवल नाही. त्या शक्तीवर काळ्या रानात तीन ते साडेतीन फुटी रोटाव्हेटरच चालवावा. चार फुटी हवा असेल तर २४ ते २८ अश्वशक्तीचे यंत्र पाहावे. विक्रेता मोठा रोटाव्हेटर "चालतो हो" म्हणून देऊ करील. माळावर तो चालेलही. दुसरा आकडा हायड्रॉलिकच्या उचलीचा. ती उचल जोडदांड्याच्या टोकाशी मोजलेली की टोकापासून सुमारे दोन फूट मागे मोजलेली, हे विचारावे. कारण अवजाराचा भार मागेच असतो, आणि टोकाशी मोजलेला आकडा नेहमीच फुगीर दिसतो. उचल पुरली तरी पुढची चाके बांधावर वळताना उचलू लागली, तर पुढे वजन बसवावे लागेल.

छापील आकड्यांवर विसंबल्यामुळे फसण्याचा प्रकार आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने फोर्ड नावाचा एक ट्रॅक्टर घेतला. प्रसिद्ध हेन्री फोर्ड ह्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मिनियापोलिसच्या एका कंपनीने केवळ नाव वापरले होते. ते यंत्र टिकेना. दुसरे घेतले, तेही समाधान देईना. हा गृहस्थ पुढे विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ साली त्याने असा कायदा करविण्यात पुढाकार घेतला की, सरकारी कसोटीत उतरल्यावाचून कोणताही नवा ट्रॅक्टर त्या राज्यात विकता येऊ नये. १९२० सालापासून लिंकन येथील विद्यापीठात ह्या कसोट्या सुरू झाल्या, आणि कित्येक कारखानदारांना आपले फुगविलेले आकडे खाली आणावे लागले. एका फसलेल्या शेतकऱ्याने एवढे काम केले.

आपल्याकडे असे काम मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारची संस्था करीत आली आहे. तिच्या कसोटी अहवालात पीटीओवर प्रत्यक्ष मिळालेली शक्ती, तासाला लागलेले डिझेल, ओढ, उचल, वळण्यास लागणारी जागा आणि कसोटीच्या काळात झालेले बिघाड इतके सारे असते. विक्रेत्याकडे ज्या नमुन्याची चौकशी कराल त्याचा हा अहवाल मागावा. तो इंग्रजीत असतो. घरातील शिकलेल्या मुलाकडून वाचवून घ्यावा. दोन यंत्रांचे अहवाल शेजारी ठेवून पाहिले तर माहितीपत्रकांत न दिसणारे अंतर एका संध्याकाळी दिसून येते. अहवाल दाखविण्यास जो टाळाटाळ करील त्याच्याशी घाईने व्यवहार करू नये.

तथापि बुदनीची माती ही नृसिंहवाडीची माती नव्हे. म्हणून शेवटची कसोटी आपल्याच रानात, आपल्याच घातीला घ्यावी, आणि ती घेतल्यावाचून बयाणा देऊ नये. कसोटीस दोनच गोष्टी लागतात : खडू आणि टेप. मागील टायरवर खडूने रेघ ओढावी. प्रथम अवजार वर उचलून त्याच रानात चाकाचे दहा फेरे चालवावे व अंतर मोजावे. समजा ते ३० मीटर भरले. मग अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे चालवावे. आता २५ मीटर भरले तर सहावा हिस्सा चाक नुसते घसरले असे समजावे. इतकी घसर चालेल. पाचव्या हिश्श्याच्या वर गेली तर ते अवजार त्या यंत्रास भारी आहे, आणि तुमचे डिझेल व टायर मातीत जात आहेत. डिझेलचे माप असेच सोपे आहे. सपाट जागी टाकी काठोकाठ भरावी, मोजून अर्धा एकर काम करावे, त्याच जागी परत आणून मापाने पुन्हा काठोकाठ भरावी. जितके लिटर लागले तेवढे खर्च झाले. ह्याच वेळी वळणाकडेही लक्ष ठेवावे. दोनशे फुटांची सरी ताशी दोन किलोमीटर वेगाने जाण्यास सुमारे ११० सेकंद लागतात. बांधावर वळण्यास ३५ सेकंद गेले तर दिवसाचा चौथा हिस्सा नुसता वळण्यात गेला. वीस गुंठ्यांच्या तुकड्यांत चार इंच रुंदीइतकेच हे महत्त्वाचे आहे.

आता पैशाचा हिशेब. येथे आम्ही समजुतीसाठी गोल आकडे घेत आहोत; वाचकांनी आपापल्या दराने ते बदलून घ्यावेत. समजा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर व बांधणीची अवजारे मिळून ६,००,००० रुपये पडले, आणि दहा वर्षांनी त्याचे ६०,००० येतील. वर्षाची झीज ५४,००० झाली. गुंतलेल्या सरासरी ३,३०,००० रुपयांवर दहा टक्के व्याज ३३,००० झाले. विमा, छप्पर व किरकोळ मिळून १३,००० धरा. एकूण १,००,००० रुपये, आणि हे यंत्र छपराखाली उभे असले तरी लागणारच. चालविण्याचा खर्च निराळा : तासाला अडीच लिटर डिझेल ९० च्या भावाने २२५, चालकाचे १००, तेल-दुरुस्तीचे ७५, म्हणजे ४००. भाड्याने तेच काम ९०० रुपये तासाने होत असेल तर स्वतःच्या यंत्राने तासामागे ५०० वाचतात. लाख रुपये भरून येण्यास वर्षास २०० तास काम पाहिजे.

आता रान पाहा. चार फुटी रोटाव्हेटरने एक एकर एकदा फिरविण्यास पावणेदोन-दोन तास लागतात. दोन पाळ्या, सरी सोडणे, दोन-तीन आंतरमशागती, फवारणी व थोडी वाहतूक असे सारे धरले तर उसाच्या एकरास वर्षाकाठी १५ तासांच्या वर काम निघत नाही. तीन एकरांच्या धन्याचे ४५ तास झाले. त्याने एकट्याने यंत्र घेतले तर त्यास एक तास २,६०० रुपयांच्या वर पडतो! २०० तास भरण्यास तेरा एकरांच्या वर ऊस पाहिजे. महाराष्ट्रातील सरासरी खाते २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांचे आहे. तेव्हा आमच्या बहुसंख्य वाचकांनी ह्या आकड्यापाशी क्षणभर थांबावे.

ह्यावर कोणी म्हणेल, घातीचे मोल तुम्ही धरले नाही. हे म्हणणे रास्त आहे. वाफसा तीन-चार दिवस टिकतो. त्या दिवसांत भाड्याचा ट्रॅक्टर मोठ्या खातेदाराच्या रानात असतो आणि लहान खातेदारास ढेकळे फोडीत बसावे लागते. एखाद्या वर्षी सोयाबीनची पेरणी आठ दिवसांनी मागे पडली तर होणारे नुकसान कोणत्याही भाड्याहून मोठे असू शकते. म्हणून नुसत्या हिशेबावरून यंत्र घेऊच नये असे आम्ही म्हणत नाही. मात्र घातीसाठी आपण वर्षास किती रुपये देत आहोत हे मनाशी स्वच्छ असावे.

सरकारी अनुदानाविषयी एवढेच सांगतो की, त्याच्या अटी वर्षावर्षास बदलतात, सबब शिरोळच्या तालुका कृषी कार्यालयात चौकशी करावी. आणि पूर्वसंमती हातात येण्यापूर्वी खरेदी करू नये, नाही तर अनुदान बुडते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे. त्यापूर्वीचे दरपत्रक कोणी पुढे केले तर ते बाजूस ठेवावे. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ते २०१९ वा २०२१ च्या महापुरात बुडाले होते काय हे पाहावे. आसनाखालच्या खाचा, दिव्यांच्या मागील पोकळ्या, तारांच्या जोडांची तोंडे येथे पुराचा गाळ वर्षानुवर्षे राहतो. रंग काढणाऱ्याचा हात तेथवर पोचत नाही.

ज्यांची सरी अरुंद आहे आणि रान दोन एकरांच्या आत आहे, त्यांच्यासाठी पॉवर टिलर अद्यापि बाद झालेला नाही. त्याचे भांडवल तिसऱ्या हिश्श्याचे. पण दोन फुटी पात्याने एक एकर फिरविण्यास त्याच्या मागे पावणेसात किलोमीटर चालावे लागते, हे साठीच्या गृहस्थाने लक्षात घ्यावे.

आमच्या मते तीन-चार एकरांच्या धन्यास खरी वाट पैऱ्याची आहे. एके काळी एका बैलाचा धनी दुसऱ्या एका बैलाच्या धन्याशी पैरा करून दोघांची राने उरकीत असे. चार भावकीतल्यांनी वा शेजाऱ्यांनी मिळून यंत्र घेणे हे त्याच रीतीचे आहे. ह्यात भांडणे होतात ती पैशावरून थोडी आणि पाळीवरून फार. म्हणून यंत्र आणण्यापूर्वीच कागद करावा. सर्वांनी सरी एकाच रुंदीची ठेवावी, नाही तर दर शेतात चाके आत-बाहेर करण्यात दिवस जाईल. पहिली पाळी ह्या हंगामात एकाची तर पुढील हंगामात दुसऱ्याची, असा फेर लिहून ठेवावा. चालक एकच असावा. चार हात लागलेला क्लच वर्षभरही टिकत नाही. पीटीओच्या दांड्यावरील झाकण काढून ठेवण्याची मुभा कोणासही नसावी, कारण फिरत्या दांड्यात पंच्याचे वा साडीचे टोक गेले तर यंत्र थांबविण्यास अवसर मिळत नाही. आणि अरुंद चाकांचे यंत्र बांधावर तिरपे चढवू नये, हेही चालकास कागदावरच बजावावे. डिझेल ज्याचे काम त्याने घालावे आणि टाकी भरून परत द्यावी. झीज, व्याज व दुरुस्ती जमिनीच्या प्रमाणात न वाटता तासांच्या प्रमाणात वाटावी, म्हणजे कमी वापरणाऱ्यास अन्याय वाटणार नाही. ह्यासाठी यंत्रावरील तासांच्या मीटरचा आकडा प्रत्येक वेळी नेताना व आणताना वहीत लिहून दोघांनी सही करावी, आणि ती वही यंत्राबरोबर न ठेवता जो त्या हंगामात सर्वांत शेवटच्या पाळीचा असेल त्याच्या घरी ठेवावी.